झंबोरला यायचं झालं तर

प्रिय युलाली, कुत्रेचोराच्या गुणी मुली,

तुझा निरोप पोचला. सीमेकडच्या गावांवर प्रवाशांसाठी पुस्तक काढते आहेस आणि घानातलं माझं कोग्ले ते नदीपलीकडचं तुमचं झंबोर हा तुकडा मी लिहून द्यावा म्हणतेस. एवढ्या मोठ्या अबिदजानमध्ये तुला माझ्याहून शहाणा माणूस मिळाला नाही, यात तुझ्या घराण्याची अक्कल दिसते. मी बसच्या मागच्या फळीवर लटकून ओरडून गिऱ्हाइकं गोळा करणारा पोरगा. पुढे स्वतःची मिनीबस घेतली, मग चार खोल्यांचं लॉज बांधलं, पण लिहिण्याची वेळ आली ती फक्त बसच्या काचेवर गावाचं नाव रंगवायला. तरी लिहितो. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बोललो की घरभर ऐकू जातं. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, ती सांगितल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. तुझा बाप माझ्याशी आदराने बोलायला लागला आहे. हसू नकोस. मला 'आपण' म्हणतो. मी फार घाबरलो आहे.

आता तुझं काम. प्रवाशाने कधी यावं, तर पाऊस संपून नदी उतरली आणि उत्तरेची धूळ अजून सुरू व्हायची आहे अशा दिवसांत. लॉरा गावाहून माझीच बस धरावी. दुसरीही एक आहे, पण तिचा ड्रायव्हर चढावर देवाचं नाव घेतो आणि उतारावर डोळे मिटतो. डाव्या बाजूला बसावं, उजवीकडे बकऱ्या असतात. गावात शिरल्यावर कुणी घरचं, पोरांचं, गुरांचं, कोंबड्यांचं कसं काय विचारलं, तर सगळ्याला 'बरं आहे' म्हणावं. घरात कुणी मेलेलं असलं तरी आधी 'बरं आहे'च म्हणायचं. मग बसायचं, समोर आलेलं पाणी प्यायचं, आणि मगच खरं काय ते सांगायचं. पाण्याआधी वाईट बातमी देणाऱ्या माणसाला इथे अडाणी समजतात. हे मोठ्या अक्षरात छाप. गोऱ्या लोकांना हेच जमत नाही, ते फाटकातूनच पोट बिघडल्याचं सांगत येतात.

दुसरं जे छापायचं ते आमच्या थट्टेच्या नात्याचं. तुला काय सांगायचं, तू त्यातच वाढलीस, पण वाचणाऱ्याला धक्का बसायला नको. आम्ही टोपल्या विणणाऱ्या फ्राफ्रा जमातीचे आणि तुम्ही दगारा. आपल्या पूर्वजांनी मिळून एक कुत्रा शिजवला, त्याचं मुंडकं कुणी पळवलं याचा निकाल अजून लागायचा आहे, म्हणून फ्राफ्रा दिसला की दगाऱ्याने त्याला आपला गडी म्हणायचं आणि दगारा दिसला की फ्राफ्राने त्याला चोर म्हणायचं. रागवायचं कुणी नाही. एकमेकांच्या ताटातलं उचलायचं, खुर्ची ओढून घ्यायची, आणि 'नको' म्हणायची सोय नाही. तुझा बाप मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी फळीवर लटकलो होतो. तो आपलं ते भोपळे लावलेलं, काठ्यांनी वाजवायचं लाकडी बाजं टपावर चढवून आत बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "या झिएमचं बाजं फुकट जाईल. हा तुमचा टोपलीविक्या माझ्या आज्याने विकत घेतलेला आहे. मी मालक, तो माझं सामान, आणि सामानाने सामान वाहिलं तर भाडं कसलं?" सगळी बस हसली. मी फळीवरून ओरडलो, "भोपळे बडवणाऱ्या, खाली उतर, त्या भोपळ्यात कुत्र्याचं मुंडकं लपवलंयस!" त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी सरळ एक वाक्य बोललो नाही. माझ्या लग्नात त्याने सासऱ्याला सांगितलं की हा नवरदेव आमच्याकडून उसना आणलाय, वापरून परत करा. सासरा इतका हसला की बोलणीच विसरला.

तुझी आई गेली तेव्हाचं तर तुला आठवतच असेल. तू अबिदजानहून आलीस, डोळे सुजलेले, आणि बघतेस तर मी तुझ्या आईच्या खड्ड्यात पाय पसरून बसलेलो. "या दगारा बाईला माझ्या जागेत पुरणार? आधी ज्वारीची दारू आणा, मग उठतो. आणि तिने माझ्या बायकोची कढई नेली होती, ती कुठंय?" तू माझ्यावर धावून आलीस, मावश्यांनी तुला धरलं. तुझा बाप दोन दिवस तोंडातून शब्द काढत नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं, दगड झाला होता. तो उठला, खड्ड्याच्या काठाशी आला आणि म्हणाला, "ऊठ टोपलीविक्या, नाहीतर दोघांवर एकदमच माती लोटतो, तिला तिथेही गडी लागेलच." आणि मग तो रडला. मला वर ओढायला हात दिला आणि त्या हाताला धरून रडला. तू नंतर मला विचारलंस, "काका, हे तुम्हाला सुचतं कसं?" सुचत नाही गं. ते काम आहे. जिथे आपल्या माणसांना बोलता येत नाही, तिथे बोलायला परका लागतो, आणि परका असून ज्याला हक्क आहे असा लागतो.

प्रवाशाने राहावं कुठे, तर माझ्याकडे. पाणी आहे, मच्छरदाण्या आहेत, माझी बायको अपोका गोरखचिंचेच्या पाल्याचं कालवण करते ते खाऊन एक जर्मन जोडपं आठवडाभर जास्त राहिलं. पण पहिली खोली देता येणार नाही. ज्वारीच्या कापणीपासून तिथे एक गृहस्थ राहतात. फार सभ्य. पहाटे उठून माझं अंगण झाडतात. चटई अशी घडी घालतात, जणू आज संध्याकाळी निघायचंच आहे. रांजणातून पाणी घेताना अपोकाला विचारतात. अर्ध्या ताटावर पोट भरलं म्हणतात. परवा अपोका माझ्यावर चिडली, "तुम्ही दोघं सासुरवाडीला आल्यासारखे काय बोलता एकमेकांशी? माझ्या घरात कुणी मेलंय का?" ते गृहस्थ खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, माझ्यामुळे त्रास होतोय आपल्याला."

खाली बस आता. जवळ पाणी असलं तर पी. मग पुढचं वाच.

झंबोर नाही. कापणी चालू असताना मोटरसायकलवर बंदुका घेतलेली माणसं आली, दुपारपर्यंत गाव रिकामं करा म्हणाली, आणि दुपारची वाटही बघितली नाही. कणग्या जळाल्या. तुमचं घर, ज्याच्या गच्चीवर खाचा पाडलेल्या खोडाच्या शिडीवरून चढून तू झोपायचीस, त्याच्या भिंती आहेत, वरचं काही नाही. बाजं बनवायची खोली आतल्या लाकडासकट गेली. बहुतेक माणसं नदीच्या अलीकडे आली, काही शाळेत आहेत, काही नातलगांकडे. कोण आलं नाही ते तुझ्या बापाच्या तोंडून ऐक. ते सांगायचा हक्क माझा नाही.

तो आला तेव्हा मी बसखाली पडून नट आवळत होतो. आधी पाय दिसले, ओले, चिखलाने माखलेले. मी बाहेर आलो. त्याच्या हातात काही नाही. युलाली, मला त्या माणसाला शंभर गोष्टी म्हणता आल्या असत्या. 'चोरा, अखेर मुंडकं परत द्यायला आलास?' एवढं एक म्हणालो असतो तरी चाललं असतं. तो आत शिरला असता, माझ्या खुर्चीत बसला असता, अपोकाला जेवायला वाढ म्हणाला असता. मला त्याची कीव आली. मी हात पुसले आणि म्हणालो, "या, झिएमदादा, बसा. हे घर आपलंच समजा." तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा माणूस चुकून दुसऱ्याच दारात आल्यावर बघतो. मग म्हणाला, "आभारी आहे, दादा." नदी ओलांडून आला तोवर तो झंबोरचा झिएम होता. निर्वासित माझ्या फाटकात झाला.

दुसऱ्या दिवशी भानावर आलो आणि दुरुस्ती करायला गेलो. तो झाडत होता. मी ओरडलो, "अरे चोरा, माझा झाडू झिजवलास, आता काय तुझ्या दाढीने झाडू?" त्याने झाडू हळूच भिंतीला टेकवला आणि म्हणाला, "माफ करा, नवा बांधून देतो." आणि खरंच गवत कापून आणलं, दुपारी बांधला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता माझ्या तोंडून ते येऊन उपयोगाचं नाही. ज्याचं छप्पर त्याने शिवी दिली, तर छपराखालच्याला ती शिवीच ऐकू येते. बाजारातल्या दुसऱ्या फ्राफ्रा लोकांना सांगून पाहिलं. ते बिचारे येऊन त्याला कुत्रेचोर म्हणून गेले, त्याने सगळ्यांना नमस्कार केला.

तू फोन करतेस तेव्हा तो स्वयंपाकघराच्या मागे जाऊन उभा राहतो. माझे कान तुला ठाऊक आहेत, बसचा कुठला नट सैल आहे ते मी अंथरुणातून सांगतो. मी चोरून ऐकत नाही, भिंत पातळ आहे. तू विचारलंस, "बाबा, ही इंग्रजी कुठून ऐकू येतेय?" तो म्हणाला, "वारा आज घानाकडून आहे." तो वारा माझा रेडिओ होता. तू विचारलंस ज्वारी कशी आहे, तो म्हणाला, "बरं आहे." बाजी किती बनवून झाली, "बरं चाललंय." अजून पाणी पिऊन झालं नाही त्याचं. मग तू म्हणालीस की नदी उतरली की फोटोवाल्याला घेऊन येते, पुस्तकाचं पहिलं पान आपलंच घर, गच्चीवर बसलेले बाबा. तो म्हणाला, "ये, ये. मी बसलेलाच आहे."

त्यानंतर तो नावाड्याकडे जायला लागला. पलीकडे सोडशील का, म्हणून विचारतो. सगळं घर नको, एक खोली उभी करायची, तिच्यावर गच्ची, पोर येईपर्यंत. सोबत विटांचा साचा आणि फावडं नेणार म्हणतो. मोटरसायकली अजून त्या वाटेवर फिरतात, संध्याकाळी अलीकडे ऐकू येतात. परवा शिंप्याचा भाऊ आपली बकरी बघायला गेला, तो आलेला नाही. नावाडी माझा माणूस आहे, त्याने तुझ्या बापाला सांगितलंय की होडीला भोक पडलंय. पण होडी किती दिवस फुटकी राहणार? आणि नदी रोज खाली चालली आहे. थोड्या दिवसांत होडी लागणारच नाही, गुडघाभर पाण्यातून कुणीही जाईल. तू विचारलं होतंस, प्रवाशांना हा भाग सुरक्षित आहे का. कोग्लेपर्यंत छाप. नदी लांबून छान दिसते, पहाटे पाणघोडे वर येतात, असं लिही. झंबोरचं पान कोरं ठेव किंवा काढून टाक, ते तुझं तू ठरव.

हे पत्र मी त्याला न सांगता लिहितो आहे. त्याने तुझ्यापासून लपवलं ते मी उघडं केलं, त्याबद्दल तो मला काय म्हणायचं ते म्हणो, म्हणाला तर बरंच होईल. तू ये. नदी उतरायची वाट बघू नकोस, पत्र मिळेल त्या दिवशी निघ. फोटोवाल्याला आणू नकोस. आणि कसं यायचं ते नीट वाच, कारण या सगळ्या पत्रात प्रवाशासाठी खरी सूचना एवढीच आहे. फाटकातून आलीस की बापाकडे धावू नकोस. रडू नकोस. मला काका म्हणू नकोस, आभार तर चुकूनही मानू नकोस, ते आभार मला आयुष्यभर डाचतील. सरळ माझ्यासमोर उभी राहा आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचार, "टोपलीविक्या, तू माझ्या बापाच्या घरात काय करतोयस?" मला खुर्चीतून उठव. अपोकाच्या पातेल्यात हात घाल, तिला सांगून ठेवलंय, ती आरडाओरडा करेल. माझ्या घराचा मी मालक आहे, म्हणून त्याला मालक करणं मला जमत नाही. ते तुमच्यापैकी कुणीतरी येऊन माझ्याकडून हिसकावून घ्यावं लागतं. तो पहिल्या खोलीच्या दारात येईल. "पोरी, मोठ्यांशी असं बोलू नये," म्हणाला, तर मी हरलो, मग तू त्याला अबिदजानला ने आणि नदीपासून लांब ठेव. पण मी त्याला ओळखतो, चुकलेली शिवी त्याला ऐकवत नाही. तुला शिव्या नीट येत नाहीत, लहानपणीही येत नव्हत्या, शब्द मागेपुढे करायचीस आणि तो बाजं सोडून यायचा, तुला पहिल्यापासून म्हणायला लावायचा. आता तर तू शहरात राहून आणखी बिघडली असशील. तशाच दे. जितक्या चुकतील तितक्या चुकव.

तुझी वाट बघणारा, आणि इलाज नाही म्हणून तुझाच,
अकोलबिरे