ओसरीवरचं ताट

१८ मार्च
अहेरीपासून तासाभरावरच्या या गावात खोली मिळाली. मागे मोहाची झाडं, पुढे ओसरी. भयकथा लिहायला आणखी काय हवं. मालकीण इंदुताई एकट्या राहतात. भाड्याचं काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, भाऊ, घरात कोनी खोकललं तरी बरं वाटते मले.

२० मार्च
दिवेलागणीला इंदुताई ओसरीवर एक जास्तीचं ताट ठेवतात. भात, अंबाडीची भाजी. मुलीसाठी. मागच्या वर्षी दिव्यानी मोहफुलं वेचायला गेली आणि वाघाने नेली. सापडली तेव्हा लोकांनी वर चादर टाकली. शेवटचं पाहून घ्या, असं सगळे म्हणत होते. इंदुताईंनी चादर उचलू दिली नाही. म्हणून माह्याकडं ते अख्खी हाय, म्हणाल्या. येते, जेवते. पोट्टी भुकेची कच्ची.
सकाळी ताट रिकामं होतं. कुत्रं असावं.

२४ मार्च
चंद्रपूरला जिशानला फोन केला. आमचं कथा ऐकवणारं ॲप आहे. मी लिहितो, तो वाचतो. दिव्यानीची गोष्ट त्याला मिळमिळीत वाटली. म्हणाला, यार, चादर उचल ना, लोक त्याच्यासाठीच तर ऐकून राह्यले.
उचलली. नाव बदललं. भिंतीवरच्या फोटोत तिच्या हातात आहेत त्या हिरव्या बांगड्या तशाच ठेवल्या. बाकी काही शाबूत ठेवलं नाही. जबडासुद्धा नाही.

३० मार्च
गोष्ट खूप ऐकली जाते आहे. जिशान खूश. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. इथे बोलायला इंदुताईच.
त्या बाजारातून आल्या आणि ओसरीवर बसून राहिल्या. बाजारात कुणीतरी मोबाइलवर ऐकवली. हिरव्या बांगड्यांवरून ओळखली. भांडल्या नाहीत. एवढंच विचारलं, चादर काऊन उचलली भाऊ?
मी म्हणालो, गोष्ट आहे ती.

३१ मार्च
ताट भरलेलं. भातात बोटं फिरलेली आहेत. खाल्लेला नाही.

२ एप्रिल
आजही भरलेलं. संध्याकाळी बांगड्या वाजल्या. इंदुताई आत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, आली हाय. खाता येत नाई तिले.
जिशानला सांगून गोष्ट काढायला लावली. पण ज्यांनी ऐकली —

४ एप्रिल
इंदुताईंनी भिंतीवरचा दिव्यानीचा फोटो उतरवला. ही कोन हाय, विचारतात. त्यांना आता मी लिहिलेलीच आठवते.
मग म्हणाल्या, तूच मोडली, तूच जोड. लिहून दे मले माही पोरगी.

६ एप्रिल
लिहितो आहे. पाय लिहिले. अंगणात पावलं वाजली. खांदे लिहिले, हात लिहिले — बांगड्या दाराशी.
चेहरा राहिला. इंदुताईंना विचारला. आठवत नाही. फोटो समोर आहे. त्यातही मला मी लिहिलेलंच दिसतं —
दिवेलागण. ती उंबऱ्यात. ताट माझ्यासमोर ठेवलं. शेजारी बसली. तिला घाई नाही.
कपाळ लिहिलं. डोळे. नाक. खाली जबडा. शब्दच —
तिची बोटं गार नाहीत. माझी हनुवटी चाचपते आहे, या कानापासून त्या कानापर्यंत, माप घेतल्यासारखी — हे मी लिहिलं नव्ह