कालव्याचा चढ

रविवार, दिवेलागण. सोलापूर.

आज आक्का गावाहून आली, तेव्हा तिला मी बनवतोय तो अर्धामुर्धा मोबाइल गेम दाखवला. बर्फाचा डोंगर, मावळता उजेड आणि फळीवर उभा राहून घसरत निघालेला एक पोरगा. बर्फ मी जन्मात पाहिलेला नाही. घसरणं मात्र पाठ आहे, उजनीकाठच्या आमच्या कालव्याच्या भरावावरचं. केळीच्या खोडाच्या सोलून काढलेल्या ओल्या सोपटावर मी पुढं, आक्का मागं, खाली चिखल. गेममधली सगळी वळणं त्या सोपटाचीच. तिला सांगितलं नव्हतं, ओळखते का बघायचं होतं.

ओळखलं! "हे आपलं सोपट की रं!" म्हणाली. गेममध्ये सारखी पडत होती, हसत होती. मोबाइल परत देताना म्हणाली, "आन् वर चढायचं कुटं हाय?"

मी म्हणालो, चढायचं नसतंय यात आक्का, लोक कंटाळतात.

"आपुन न्हाय कंटाळलो कधी."

ती दुपारच्या एसटीनं गेली आणि तेव्हापासून हेच डोक्यात. घसरताना आम्ही नुसतं ओरडायचो. बोलायचो ते चढताना, सोपट डोक्यावर घेऊन, रमतगमत. तिचं लग्न ठरल्याचंही तिनं मला तिथंच सांगितलं, अर्ध्या चढावर थांबून.

उद्या गेममध्ये चढ घालतो. कंटाळले तर कंटाळू देत.

पण आज ती एवढ्या लांबून एकटीच का आली होती? काही सांगायचं होतं का? मी तर आल्या आल्या तिच्या हातात मोबाइल दिला.