खारीच्या नावावर तीन अपघात

ता. ३ फेब्रुवारी

ती. मामांस,
खारीचा सा. न. वि. वि.

फोन न करता लिहिते आहे, कारण घर एवढंसं आहे की फोनवरचं सगळं बाबांना ऐकू जातं. गाडीच्या विम्याचं पत्र आलंय. वर्षात तीन अपघात झाले म्हणून कंपनीने मला धोक्याच्या चालकांत टाकलंय. हप्ता तिप्पट, आणि वर आमच्या गाडीचं नुकसान भरून मिळणार नाही, फक्त समोरच्याचं. तुम्ही तीस वर्षं लोकांना गोड बोलून विमा उतरवायला लावलात, आता जरा कंपनीशी गोड बोला. गाडीशिवाय माझं पान हलत नाही. सकाळी प्रयोगशाळेत कवळ्या करायच्या आणि दुपारी त्या दातांच्या डॉक्टरांना पोचवायच्या. चाळीस जणांचे दात मांडीवर घेऊन बसमध्ये कशी बसू?

तुमची कवळी टोचत नाही ना? बाबा मजेत आहेत. ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं तरी सकाळी माझी गाडी घेऊन एक चक्कर होतेच. घरी आले की कोण कसं चुकीचं वळलं ते सांगतात. त्यातले निम्मे त्यांचेच विद्यार्थी.

लोभ आहेच, या महिन्यात थोडा जास्त असू द्यावा.
तुमची खार

ता. १० फेब्रुवारी

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

कवळी झकास आहे, काल अक्रोड खाल्ले. कंपनीशी बोललो. तुझ्यासारख्यांसाठी एक वाट आहे. गाडीत एक छोटं यंत्र बसवायचं. गाडी केव्हा निघाली, किती वेगात होती, ब्रेक कसा दाबला, सगळं ते टिपून ठेवतं. सहा महिने नीट चालवलीस की हप्ता निम्म्यावर येईल आणि पूर्ण विमाही मिळेल. अर्ज सोबत आहे, सही करून धाड.

एक मात्र कळत नाही. चिमट्याने एकेक दात मेणात बसवणारी मुलगी खांबांना आणि फाटकांना कशी धडकते? दाजींनी गावाला गाडी शिकवली आणि घरात दिव्याखाली अंधार.

तुझा मामा

ता. १५ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

यंत्र नको. माझ्यावर कुणी पाळत ठेवलेली मला चालणार नाही. हप्ता तिप्पट तर तिप्पट, मी भरीन. हा विषय इथेच संपवू या. रागावू नका.

तुमची खार

ता. २१ फेब्रुवारी

चि. खारीस आशीर्वाद.

तिप्पट हप्ता चालतो आणि फुकटचं यंत्र चालत नाही, हे काही माझ्या पचनी पडलं नाही. चोराच्या मनात चांदणं. म्हणून जुने कागद काढून बसलो. तिसरा अपघात दवाखान्याच्या फाटकाला, मंगळवारी सकाळी अकरा वाजता. चालक म्हणून तुझी सही. बाई, त्या मंगळवारी अकरा वाजता मी तुझ्यासमोर आ वासून बसलो होतो आणि तू माझ्या तोंडात कवळी बसवून बघत होतीस.

तिन्ही वेळा दाजीच चालवत होते ना? तू का केलंस ते मला समजतं. पण उद्या फाटकाच्या जागी माणूस असला तर? खोटी सही दाखवून कंपनी हात वर करेल, मग त्या माणसाचं कोण बघणार? आपणहून खरं सांगितलं तर मिळालेले पैसे परत करावे लागतील, बोलणीही खावी लागतील, पण ते मी निस्तरतो. दाजींना तू सांग. नाहीतर मी येऊन सांगतो.

मामा

ता. २५ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

हो, तिन्ही वेळा बाबाच होते. बाजूने येणारं त्यांना नीट दिसत नाही, आणि ते मान्यही करत नाहीत. नुकसानभरपाईच्या अर्जांवर चालक म्हणून मी माझं नाव घातलंय हे त्यांना ठाऊक नाही. मीच सांगितलं होतं, की कंपनीचं मी बघते. ज्यांनी मला स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्यांच्या हातून किल्ली कशी काढून घेऊ? मला खरंच भीती वाटते. उद्या चहाच्या वेळी तुमचं पत्र त्यांच्यापुढे ठेवून कामावर पळणार आहे. तेवढंच धैर्य आहे.

खार

ता. ४ मार्च

प्रिय मेव्हणेबुवांस स. न. वि. वि.

पत्र वाचलं. दोन दिवस पोरीच्या हातचा चहा घेतला नाही. राग तिचा नव्हता, माझाच होता. तिन्ही अपघात माझ्या नावावर लिहा, तिच्या रकान्यात शून्य. कंपनीचं जे काही परत करायचं ते मी करीन. काल लायसन्सही परत करून आलो.

त्याआधी परीक्षा दिली. उगाच कुणाच्या सांगण्यावरून गाडी सोडणारा मी नव्हे. एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची, शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असलेली गाडी आणली, खारीला शेजारी शिक्षकाच्या जागी बसवलं आणि ज्या रस्त्यांवर मी सगळ्यांची परीक्षा घेतली तिथूनच निघालो. शेजारी बसून मला दोनदा ब्रेक दाबावा लागला की मी नापास करायचो. तिने चारदा दाबला. चौथ्यांदा समोर सायकलवर एक बाई होती. ती मला दिसलीच नव्हती.

गाडी कडेला घेऊन मी निकाल विचारला. खाली मान घालून तुमची भाची म्हणाली, की तुम्ही पास. पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलली. मग मी उतरलो, तिच्या बाजूला गेलो आणि तिला स्टिअरिंगवर बसायला सांगितलं. घरापर्यंत तिने गाडी आणली. चाळीस वर्षं मी त्या शेजारच्या सीटवर बसलो, पण ब्रेकवरचा पाय कधी काढला नव्हता. काल दोन्ही पाय मागे घेऊन बसलो.

आहे तसाच लोभ राहू द्या.
आपला,
दाजी