गच्चीवरचे वाल आणि व्याही

१० नोव्हेंबर
गच्चीवर पाच ड्रममध्ये वाल पेरले. सोसायटीचे सेक्रेटरी जाफरभाई यांनी परमिशन दिली, फक्त वास येणार नाही ना, असं विचारलं. म्हटलं, ऑरगॅनिक आहे, वास कसला!
सव्वीस जानेवारीला आमच्या मुलीचे, ईश्वरीचे, सासू-सासरे येतायत. सासरे सितारामभाऊ, पेणकडे शेती. दिवाळीत त्यांच्यासमोर बोलून गेलो, यंदा पोपटी आमच्याकडे जुईनगरला, मडक्यात घरच्याच शेंगा भाजू! मडकं आमचं, वाल आमचे. ते हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

१७ नोव्हेंबर
सगळे उगवले. शेणखत घातलं. सुचित्रा म्हणते, पुरे. हिला हौस म्हणून नाही.

२४ नोव्हेंबर
व्याह्यांना फोन. सहज म्हणून विचारलं, वालांना काय घालता? म्हणाले, काही नाही. भात कापला की त्याच ओलीवर पेरतो, वरून दव पडतं, झालं. वाल आपला नायट्रोजन हवेतून स्वतःच घेतो, खत जास्त घातलं तर नुसता पाला माजतो.
उघड आहे, गुपित लपवतायत. मुलगी दिली तरी खताचं सांगत नाहीत.

२ डिसेंबर
जीवामृत सुरू. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. घरातलं बेसन संपल्यामुळे पिठलं झालं नाही. सुचित्रा म्हणाली, आधी माणसांना वाढा.

१५ डिसेंबर, सकाळ
वेल डोक्याच्या वर. पानं तळहाताएवढी. फूल नाही. भूक लागली असणार. शेंगदाण्याची पेंड भिजवून घातली.
संध्याकाळ
जाफरभाई आले. वरच्या मजल्यावरचे लोक वाळलेले कपडे परत धुतायत म्हणे, पब्लिकला टेन्शन आहे. संकल्प: यापुढे पहाटेच घालायचं.

२८ डिसेंबर
वेल पाण्याच्या टाकीवर चढला. फूल नाही. सुचित्रा म्हणाली, जावयालाही जेवताना असाच आग्रह केलात, दुसऱ्या दिवशी बिचारा ऑफिसला गेला नाही. दुर्लक्ष केलं. पण संकल्प: आठवडाभर काही घालणार नाही.

२९ डिसेंबर
थोडंसंच घातलं. पानं मलूल वाटत होती.

१२ जानेवारी
फूल! फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. सितारामभाऊंनी लिहिलं, जयप्रकाशराव, पाला छान आहे. आनंदाच्या भरात सगळ्या ड्रमांना जीवामृत.

१४ जानेवारी
फूल गळलं. कोणाला सांगितलं नाही. तिळगूळ गोड लागेना. मुलीच्या सासरी आपली काही पत असावी, एवढंच वाटत होतं हो.

२५ जानेवारी
वाशी मार्केटमधून शेंगा आणल्या. दुपारी सगळे झोपल्यावर वेलांना बांधल्या. हिरवा दोरा नव्हता, सुचित्राच्या शिवणाच्या डब्यात मरून रंगाचा सापडला. पाला इतका दाट की काही दिसणार नाही. म्हणजे खत वाया गेलं नाही.

२६ जानेवारी
सितारामभाऊ म्हणाले, शेंगा मी तोडणार. हे मी धरलंच नव्हतं. पहिल्या शेंगेबरोबर दोरा आला. त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ईश्वरी टाकीकडे बघत राहिली.
त्यांनी दोरा खिशात घातला आणि उरलेल्या शेंगा एकट्यानेच तोडल्या, कोणाला जवळ येऊ दिलं नाही. बिल्डिंगमागे पोपटी लागली. जाफरभाईंच्या हातात शेंगा देत सितारामभाऊ म्हणाले, खा, आमच्या व्याह्यांच्या वेलावरून काढल्यात. खोटं काहीच बोलले नाहीत.

२७ जानेवारी
निघताना सितारामभाऊंनी बियाण्याची पिशवी सुचित्राकडे दिली. माझ्याकडे नाही. निरोपही तिच्याचकडे: पुढच्या वर्षी वहिनींनी पेरावेत, आणि शेंगा धरेपर्यंत जयप्रकाशरावांना आमच्याकडे राहायला पाठवावं.
म्हणजे शेतावर माझं मार्गदर्शन हवंय. विचार करून कळवतो, म्हणणार होतो.
सुचित्राने माळ्यावरून माझी बॅग काढली. म्हटलं, अगं, नोव्हेंबरला किती अवकाश आहे. म्हणाली, असू दे, हाताशी बरी.