पूजा — मशीन बंद

२३ ऑक्टोबर २०२३, खंडेनवमी

बिरदेवची दोन बोटं गेली. उजव्या हाताची. ऑफसेटच्या रोलरमध्ये.

सकाळपासून आम्ही सगळे मशिनं धूत होतो. दुपारी झेंडूचे हार घातले, मी नारळ फोडला — बंद छापखान्यात काय घुमला! — आणि दरवर्षीप्रमाणे एक रिकामी फेरी द्यायला बटण दाबलं. मला वाटलं बिरदेव चिंध्या टाकायला बाहेर गेलाय. तो मशिनच्या मागं वाकून शेवटचा रोलर पुसत होता.

बटण मी दाबलं. इथं तरी लिहून ठेवतो.

२६ ऑक्टोबर

मिरजेला जाऊन आलो. बोटं जोडता आली नाहीत. त्याची आई सुलाबाई कवठे महांकाळहून आलीय. दवाखान्याच्या बाकावर बसली होती. मला बघून म्हणाली, "या मालक. मशिनीला हार घातला, आता माझ्या पोराला काय घालताय?"

चहा आणून दिला. प्यायली, पण माझ्याकडं न बघता.

अकरा वर्षं झाली बिरदेवला माझ्याकडं. नवरीच्या शालूचा लाल रंग लग्नपत्रिकेत तसाच उतरवावा तर त्यानंच. अख्ख्या कराडात दुसरा नाही.

२९ नोव्हेंबर

कामगारांचा विमा दरवर्षी न चुकता काढतो. त्याचे कागद पाठवले. आता चिंता नाही.

११ जानेवारी २०२४

आहे चिंता! विमा कंपनीनं नाही म्हटलं. मध्ये त्यांचा माणूस येऊन गेला होता, गोड बोलणारा. हजेरीपुस्तक चाळलं, फोटो काढला. त्या तारखेपुढं माझ्याच अक्षरात — 'पूजा, मशीन बंद.' म्हणजे त्या दिवशी काम नव्हतं. म्हणजे अपघात कामावरचा नाही. झालं.

वाईच्या छापखान्यात झाडू मारायचो तेव्हा तिथले मालक खंडेनवमीला हेच लिहायचे. मीही तेच गिरवत आलो. तीस वर्षं लोकांच्या पत्रिकांतल्या चुका काढल्या, आणि स्वतःची एक ओळ कधी नीट वाचली नाही.

२ फेब्रुवारी

बिरदेवनं दावा लावायचा ठरलं. कंपनीवर आणि माझ्यावर. त्याला वकील मीच शोधून दिली! शिवांजलीताई, साताऱ्याच्या. मला म्हणाल्या, स्वतःवर दावा लावायला माणूस घेऊन आलेले तुम्ही पहिलेच.

त्यांनी बिरदेवला समजावलं — कोर्टात विचारतील, काम करत होतो असं सांगायचं. तर हा म्हणतो, "पर काम नव्हतंच त्या दिशी. पूजा हुती."

ताईंनी परत समजावलं. मी समजावलं. आरडलो सुद्धा. हा शांत. "बिरोबाचं देऊळ झाडून-लोटून काढल्यावर कोण मजुरी मागतंय व्हय, मालक? हे बी तसंच. शपथ घिऊन खोटं न्हाई बोलायचो."

परत येताना उंब्रजपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. पुढं हसू आलं. पण रागही गेला नाही.

७ मार्च

तारीख पडली. पुढची.

२५ एप्रिल

पुन्हा पुढची. बिरदेव डाव्या हातानं सही शिकतोय.

१९ जून

आज झालं एकदाचं. साताऱ्याहून आत्ताच आलो, अजून चप्पल काढली नाही.

कंपनीच्या वकिलानं एकच विचारलं, त्या दिवशी काम होतं का? बिरदेव म्हणाला, "न्हाई साहेब. पूजा हुती." वकील कोट सावरत खाली बसला. शिवांजलीताईंनी डोळे मिटले.

मग न्यायाधीशबाईंनी स्वतःच विचारायला घेतलं. पूजेला कुणी बोलावलं? मालकानं. आला नसतास तर? बिरदेव गोंधळला. न येऊन कसं चालंल, म्हणाला, मालकानं सांगितल्यालं, आन् ते मशीन दुसऱ्या कुणाला धुता येत न्हाई. रोलर कशानं पुसत होतास? रॉकेलनं.

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "देवाला रॉकेलनं आंघोळ घालतात का?"

सगळे हसले. कंपनीचा वकीलही. बिरदेव सुद्धा, कानापर्यंत लाल होऊन.

मग माझी पाळी. मीच बोलावलं, मीच धुवायला सांगितलं. बटणाचं कुणी विचारलंच नव्हतं. तेही सांगितलं. सुलाबाई मागच्या बाकावर होती. ऐकलं तिनं. बाहेर आल्यावर पिशवीतली भाकरी काढली, अर्धी माझ्या हातावर ठेवली.

३० ऑगस्ट

निकाल! मालकानं सांगून मशीन धुवून घेतलं तर ते काम — हार घाला नाहीतर नारळ फोडा. भरपाई कंपनीनं द्यायची, व्याजासकट.

सुलाबाईला फोन लावला. आकडा सांगायला लागलो तर मध्येच थांबवलं. पोराला खोटं बोलावं लागलं न्हाई न्हवं, एवढंच विचारलं.

दोन घास जास्त गेले आज.

९ सप्टेंबर

बिरदेव कामावर. मशिनला हात लावायचा नाही, फक्त रंग बघायचा. नव्या ऑपरेटरला डाव्या हातानं खुणा करतो, "अजून पिवळा मार रं गड्या." पहिलीच पत्रिका बघून पार्टी खूश.

मशीन कुठं अडखळलं तर मी खुर्चीतून नुसत्या आवाजावरून ओळखतो. आज जवळजवळ वर्षानं ते नीट ऐकलं.

खंडेनवमी, २०२४

रिकामी फेरी बंद केली. सगळे समोर उभे राहिल्यावरच नारळ. हजेरीत लिहिलं, 'मशीन धुणे — काम.'

पांगापांग झाल्यावर बिरदेव जवळ आला. हळूच म्हणाला, "मालक, एक सांगायचं ऱ्हायलं. तवा मशीन मीच चालू ठिवल्यालं. तुमी बटण दाबायच्या आदीच. मनाला लावून घिऊ नगासा."

मी बरं म्हणालो.

गेल्या वर्षी नारळ घुमला होता. चालू मशिनच्या आवाजात नारळ घुमत नाही.