पाहुण्यांसाठी नाही

१५ ऑगस्ट

प्राजक्ता खोटं बोलतेय. कशासाठी ते कळत नाही, पण बोलतेय.

आज ग्रामसभा होती. सरपंच झाल्यापासून ही बाई गटारं आणि रस्त्यावरचे दिवे यापलीकडे बोलली नाही. आज एकदम म्हणे — गावात इतकी घरं वर्षभर कुलपात, मालक मुंबईला. त्यांची परवानगी घेऊन ग्रामपंचायत ती दुरुस्त करणार आणि गावातच भाड्याने राहणाऱ्यांना थोड्या भाड्यात देणार. पाच वर्षांच्या कराराने! टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. तिचा दीर चंदन मागे बसून कान देऊन ऐकत होता. त्याचं समुद्राकडे लॉजिंग आहे, सीझनला खोल्या पुरत नाहीत. त्याला अजून खोल्या हव्यात हे शेंबडं पोरही सांगेल.

१६ ऑगस्ट

घरमालक लवूभाऊ आले. गोड बोलले. दिवाळीपासून खोली रिकामी हवी, मे संपला की परत या. दरवर्षीचंच. पर्यटक आले की आम्ही जायचं.

गेल्या वर्षी मी आणि नवरा, गुरुदास, त्याच्या बोटमालकाच्या मांगरात राहिलो. जाळी, डिझेलचे कॅन आणि आम्ही. लेक कस्तुरी आरोंद्याला माझ्या आईकडे, शाळाही तिकडचीच. परत आली तेव्हा हाक मारताना तिच्या तोंडात आधी 'आजी' यायचं. मी हसून 'ओ' द्यायचे.

यंदा पाठवणार नाही. काय वाटेल ते होवो.

२९ ऑगस्ट

गणपतीला बंद घरं उघडली. समोरचं सुगंधाकाकींचंही. यंदा एकट्याच आल्यात, मुलाला सुट्टी मिळाली नाही म्हणे.

प्राजक्ता घरोघर फिरतेय. दर्शनाला नव्हे! काकींकडे तासभर बसली होती. मी मशीनवर बसून बघत होते, त्या नादात एका ब्लाउजची बाही उलटी जोडली. ती बाहेर पडली तेव्हा चंदन रस्त्यावर उभा. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. लोकांसमोर कशाला बोलतील?

३१ ऑगस्ट

ब्लाउज द्यायला काकींकडे गेले, आडून आडून विचारलं. त्यांनी घर द्यायचं कबूल केलंय. त्यांची एवढीच अट, की माणूस गावचा हवा. म्हणाल्या, "घर बंद ऱ्हवला की मरता गो." डोळे भरले होते.

बिचाऱ्या. आपण कोणाच्या घशात घर घालतोय ते त्यांना कुठे ठाऊक.

१० सप्टेंबर

चंदन आज काकींच्या अंगणात. काकी तर मुंबईला गेल्या. हा पडवीत शिरला, खिडक्या वाकून बघितल्या, विहिरीत डोकावला. आणि त्याच्याबरोबर कोण — आमचा गुरुदास!

संध्याकाळी विचारलं. म्हणाला, चंदनच्या पर्यटकांना बोटीने फिरवायचं काम मिळतंय, त्याचंच बोलणं चाललं होतं. दुसऱ्याच्या अंगणात? तर म्हणे, "तुका सगळ्यांचोच संशय," आणि जेवायला बसला.

गुरुदास भोळा. विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकतं, काकी कधी येतात, सगळं सांगून मोकळा झाला असेल. चंदन त्याच्याकडून काढून घेतोय.

२ ऑक्टोबर

बोलले! भर ग्रामसभेत उभी राहून बोलले. ही घरं आमच्यासाठी नाहीत, सरपंचांच्या दिरासाठी गोळा होतायत, असं स्पष्ट म्हटलं. चंदन हसला.

प्राजक्ता चिडेल असं वाटलं होतं. ती ऑफिसातल्या मराठीत म्हणाली, "मग अट काय घालू, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, घरात पर्यटक ठेवला की घर काढून घ्यायचं. मग तो कोणाचाही कोणी असो. तिने तसंच लिहून घेतलं, मोठ्याने वाचलं, हात वर करायला सांगितले. सगळे हात वर. गुरुदासचा नाही.

घरी येईपर्यंत माझ्या दहा पावलं पुढेच चालला. चारचौघांत बायको बोलली, ते लागलं असणार.

११ ऑक्टोबर

काकींचं घर आम्हाला.

अजून खरं वाटत नाही. दिवाळीत ज्यांना खोली सोडावी लागते त्यांना आधी, असं ठरलं होतं, आणि समोरचं घर आमच्याच वाट्याला आलं. प्राजक्ता स्वतः किल्ली घेऊन आली. कागद दिवाळीनंतर होतील, तोवर राहायला जा म्हणाली. चहा दिला. आता काहीतरी मागेल म्हणून वाट बघत बसले. काही न मागता गेली. याचाच जास्त संशय येतो.

१५ ऑक्टोबर

राहायला आलो. कस्तुरीने विचारलं, आपली खोली कुठली? सगळ्याच, म्हटलं. तिला पटेना.

१८ ऑक्टोबर

दुपारी दारात टेम्पो. नवे पलंग, जाड गाद्या, बाथरूमचा आरसा. ड्रायव्हर म्हणाला, चंदनशेठनी पाठवलंय. मी म्हटलं, चुकीच्या घरी आलास. तेवढ्यात गुरुदास आतून आला आणि पलंग उतरवून घ्यायला लागला.

त्याने सगळं सरळ सांगितलं, जणू आनंदाची बातमी. पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना, गिऱ्हाईक चंदन पाठवणार. नाताळचं बुकिंगसुद्धा झालंय. आपण मागच्या पडवीत. सव्वा महिन्यापूर्वीच ठरलं होतं — म्हणजे त्या अंगणातल्या दिवशी. प्राजक्ताला यातलं काही माहीत नाही.

"आणि कस्तुरी?"

"आरोंद्याक. थंयसर शाळा आसा मगे."

मी अटीचं बोलले. "कोणाक कळतला?" म्हणाला. "सगळेच करतंत. आमीच कित्याक मागे ऱ्हवायचा?"

त्याला खरंच कळत नव्हतं. मी भोळा समजत होते त्याला. इतके दिवस खिडकीतून सगळ्या गावावर नजर ठेवली आणि ताटासमोर बसलेला माणूस दिसला नाही.

पलंग घरात घेऊ दिले नाहीत.

१९ ऑक्टोबर

सकाळी प्राजक्ताकडे गेले. सगळं सांगितलं. किल्ली पुढे केली. तिने घेतली नाही. म्हणाली, "अजून कोण पर्यटक ऱ्हवाक नाय. म्हणजे अट मोडाक नाय."

करार माझ्या एकटीच्या नावाने कर, म्हटलं. तिने मान डोलावली.

टेम्पो संध्याकाळी पलंग घेऊन जाईल. गुरुदासला म्हटलं, तू कुठे राहायचं ते तू ठरव. तो अंगणात पलंगावर बसून आहे. अजून आत आलेला नाही.