रत्नाबाईंचं ‘थांबा’

१ जानेवारी १९२६, शुक्रवार. पौड.

एका शब्दाची खरी किंमत मांडून ठेवतो —

एक काळा कोट, पुण्याहून शिवून आणलेला. डाव्या मिशीचं टोक; न्हाव्याला मीच घाई केली. चुन्याच्या भट्टीची एक अख्खी खेप जास्त भाजून वाया गेली, कारण मालक, म्हणजे मी, कोट घालून आरशापुढं उभे होते. आणि पाठ केलेलं एक लांबलचक भाषण, ज्यातलं एकही वाक्य तोंडातून फुटलं नाही.

मिळालं काय? ‘थांबा.’

नाताळच्या दिवशी उपासना सुटल्यावर रत्नाबाईंना विचारलं, माझ्याशी लग्न कराल का. या आमच्या गावातल्या मुलींच्या शाळेच्या बाई. तेहेतीस वर्षांच्या, अविवाहित. मी चाळिशीचा, विधुर. आठ वर्षं मला ‘गेणबाभाऊ’ म्हणत आल्या, तेव्हा धीर लागलाच! त्यांनी पदर सारखा केला. म्हणाल्या, “देवाला विचारते. थांबा.”

“किती दिवस?”

“ते त्यालाच ठाऊक.”

आता मला थांबायची सवय नाही. दुष्काळात घरचं कोणी उरलं नाही, तेव्हा चौदाव्या वर्षी डोक्यावर चुनखडीची पाटी घेतली. आज दोन भट्ट्या आहेत, अकरा गाड्या आहेत. थांबलो असतो तर पाटीच असती. म्हणून मी काय केलं — पाळकसाहेबांकडं जाऊन लग्नाच्या कागदावर माझी सही आधीच करून आलो. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात दोघांची नावं पुकारतात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. पाळकसाहेब हसले, कागद पेटीत ठेवला. “दुसरी सही झाली की वाचीन.”

देवाचं उत्तर काय यायचं ते येवो, मला ते सगळ्यांच्या आधी कळणार. कारण मला कान आहेत! भट्टीत खडा तडकला तर आवाजावरून सांगतो, कच्चा की पक्का. पौडात माझं नाव कोणी घेतलं आणि मला ऐकू आलं नाही, असं आजवर एकदाही झालेलं नाही.

४ जानेवारी, सोमवार.

काही नाही.

५ जानेवारी, मंगळवार.

काही नाही. देवाला इतर कामं असतील, मान्य. पण हे काय मोठं काम आहे?

९ जानेवारी, शनिवार.

आज भट्टीवर आल्या! शाळेच्या भिंतीला लावायला चुना हवा होता. मी म्हटलं, आत्ता गाडी भरतो. हौदाकडं बोट करून म्हणाल्या, “हा नको का?”

“तो अजून मुरतोय. महिनाभर पाण्यात राहिल्याशिवाय मी तो कोणाला देत नाही.”

“आणि कोणी घाई केली तर?”

“हाकलून देतो! कच्चा चुना लावला की भिंतीला फोड येतात. दिसायला पांढरा शुभ्र, पण आत धग असते. वर्षानं फुटतो.”

“असं होय,” म्हणाल्या. हौदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि निघाल्या. पार वळणापाशी गेल्यावर मला कळलं काय झालं ते. माझ्याच हौदात मला बुचकळून काढलं.

बाई हुशार. लग्न व्हायलाच पाहिजे.

१५ जानेवारी, शुक्रवार.

वरच्या खोऱ्यातून गाड्या येताहेत अजून. धरणाचं पाणी ज्या गावांवर यायचं तिथली माणसं दाराच्या चौकटीसुद्धा काढून आणतात. आज कोंडाबाई म्हणून एक म्हातारी उतरली, सत्तरीच्या पुढची. मुलगा भिकू देशावर जागा बघायला गेलाय, येतो म्हणून सांगून. बरोबर एक गाडगं, एक घोंगडी, एक कोंबडी. रत्नाबाईंनी तिला आपल्या घरी नेलं. खाट दिली.

मी म्हटलं, “आजी, मुलगा कधी येणार?”

“यील की. मी कुटं चाललीया?”

या गावात बायकांना थांबण्याचं काही वाटतच नाही!

१८ जानेवारी, सोमवार.

गाडीचा कणा तपासण्याच्या निमित्तानं शाळेच्या मागच्या भिंतीशी उभा होतो. (कणा धड होता.) आत रत्नाबाई पोरींना बायबलातली लोकरीची गोष्ट सांगत होत्या — एका भित्र्या शेतकऱ्यानं देवाला खूण मागितली. रात्रभर अंगणात लोकर ठेवतो. सकाळी लोकर दंवानं भिजलेली आणि भोवतालची जमीन कोरडी दिसली, तर तुझा होकार समजेन. आणि तसंच झालं.

चांगली गोष्ट. मुद्द्याची. त्या माणसाला एका रात्रीत उत्तर मिळालं.

१९ जानेवारी, मंगळवार.

अरे देवा! आज संध्याकाळी रत्नाबाईंच्या अंगणात घोंगडी पसरलेली!

काल गोष्ट, आज घोंगडी. मला शेंड्या लावता काय? बाईंनी देवाला खूण मागितली आहे. माझ्याबद्दल!

पण अडचण अशी की पौडचं दंव भेदभाव करत नाही. घोंगडी भिजेल तशी जमीनही भिजेल. मग बाई म्हणणार, खूण काही स्पष्ट नाही, आणखी थांबा. देवाला थोडा हात द्यायला हवा.

२० जानेवारी, बुधवार.

पहाटे कोंबड्याआधी गेलो. कुंपणावरून वाकून एक तांब्या घोंगडीवर. नेमका. जमिनीवर थेंब नाही. अकरा गाड्या उगाच नाही झाल्या.

दिवसभर वाट पाहिली. बाई दोनदा समोरून गेल्या. “अहो, चुना मुरला का?” एवढंच.

२१ जानेवारी, गुरुवार.

पुन्हा एक तांब्या. उत्तर नाही. त्या गोष्टीतल्या शेतकऱ्यानं दुसऱ्या रात्री उलटी खूण मागितली होती म्हणे — जमीन ओली, लोकर कोरडी. तशी वेळ आली तर पाणक्या लावावा लागेल. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

झोप अपुरी होतेय.

२२ जानेवारी, शुक्रवार.

लिहायची लाज वाटते, पण वही माझी आहे.

पहाटे गेलो, तांब्या उपडा केला. घोंगडी उठून बसली!

“आगं आयाया! कोन मेला पानी वततोय? आरं, जित्ती हाय मी अजून!”

खाली कोंडाबाई. खाटेला ढेकूण झालेत म्हणून म्हातारी अंगणात निजलेली. आणि घोंगडी चार दिवस बाहेर होती तीही ढेकणांसाठीच, उन्हात तापवायला! खूण नाही, होकार नाही, काही नाही. ढेकूण!

रत्नाबाई कंदील घेऊन बाहेर आल्या. मी तांब्यासकट उभा. सगळं सांगून टाकलं, काय करणार? ऐकताना त्यांचा कंदील हलायला लागला. मला वाटलं रागानं. हसत होत्या.

“म्हणजे देवाचं दंवही तुम्हीच पुरवणार?”

म्हातारी दात वाजवत म्हणाली, “ह्यो देवाला घाई कराय गेला आन मला न्हाऊ घातलं!”

२४ जानेवारी, रविवार.

हसणं संपलं. कोंडाबाईला ताप भरलाय. छातीत घरघर. माझ्यामुळं. उपासनेला गेलो नाही. तिच्या उशाशी बसलोय. रत्नाबाई म्हणाल्या, घरी जा. नाही गेलो.

मुलगा यायच्या आत म्हातारीला काही झालं तर त्याला काय सांगू? गंमत केली?

२६ जानेवारी, मंगळवार.

ताप तसाच. गवती चहाचा काढा, छातीला शेक. बाकी काही करण्यासारखं नाही, नुसतं बसायचं. आयुष्यात पहिल्यांदा नुसता बसलोय. भट्टीवरून दोनदा बोलावणं आलं, परत पाठवलं.

संध्याकाळी रत्नाबाई ओटीवर गहू निवडत होत्या. मी विचारलं, तुम्हाला थांबायचा कंटाळा कसा येत नाही?

म्हणाल्या, दुष्काळात आईनं त्यांना अनाथाश्रमाच्या फाटकाशी बसवलं. ‘थांब, आलेच.’ सात वर्षांच्या होत्या. अकरा वर्षं रोज दिवेलागणीला त्या फाटकाशी जाऊन बसायच्या.

“आई आली?”

“नाही.”

“मग देवानं ऐकलं कुठं?”

गव्हातला खडा काढून बाजूला ठेवला. म्हणाल्या, “आई आली नाही हे खरं. रडलेही खूप. पण त्या फाटकाशी मी एकटी बसलेय असं मला कधी वाटलं नाही. कोणीतरी शेजारी असायचं. ते अजून आहे. म्हणून थांबण्याचं मला भय नाही. भय दुसरंच आहे. कोणीतरी फाटकाशी आलं, एवढ्यावरच मी उठून त्याच्याबरोबर चालू लागेन, याचं. कंटाळून म्हटलेलं ‘हो’ आणि मनापासून म्हटलेलं ‘हो’, ऐकायला सारखीच. मला आतून फरक कळायला हवा. तेवढंच देवाला विचारतेय.”

खडे निवडायला बसलो.

२७ जानेवारी, बुधवार.

ताप आहे. मला नीटशी प्रार्थना येत नाही. ‘घाई नाही, पण म्हातारीला राख’ एवढंच म्हणालो. घाई होती.

२९ जानेवारी, शुक्रवार.

ताप उतरला! कोंडाबाईनं पेज मागितली, वर मीठ कमी आहे म्हणून मला शिव्या दिल्या. इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

आणि दुपारी भिकू आला! इंदापूरकडं जमीन मिळालीय. म्हातारी नुसती म्हणाली, “आलास व्हय.” जणू तो ओढ्यावर गेला होता.

मग मला जवळ बोलावून म्हणते कशी, “गावातल्या समद्या बाप्यांस्नी ती मास्तरीन भाऊ म्हनती. तुला कवा म्हनती? मी आल्यापास्नं एकडाव बी न्हाई. कान हायती का खापरं?”

मागची पानं उलटून पाहिली. नाताळपासून एकदाही नाही. नुसतं ‘अहो’. मीच लिहून ठेवलंय, माझ्याच हातानं!

३० जानेवारी, शनिवार.

भिकूच्या गाडीत कोंडाबाईला बसवून दिलं. घोंगडी धुऊन, वाळवून दिली. कोंबडी मात्र ती मला देऊन गेली — “तांब्याचं बक्षीस.”

परतताना रत्नाबाई म्हणाल्या, “उद्या उपासनेला पुढच्या बाकावर बसा.” का ते मी विचारलं नाही. किती दिवस, हेही नाही. आणखी वर्ष लागलं तरी चालेल. मुरू दे.

आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. तरी कोट झटकून ठेवला.

३१ जानेवारी, रविवार.

आज उपासनेत पाळकसाहेबांनी दोन्ही सह्यांचा कागद काढून पहिला पुकार केला. माझं नाव, मग रत्नाबाईंचं. मोठ्यानं, दोनदा. सगळी मंडळी माझ्याकडं वळून पाहत होती, असं बाहेर आल्यावर कळलं.

मी पुढच्या बाकावर झोपलो होतो.